बुद्धीसकट समर्पण

मार्काच्या शुभवर्तमानात एक छोटा प्रसंग आहे. एक शास्त्री येशूकडे येतो आणि विचारतो, सगळ्या आज्ञांमध्ये पहिली कोणती? येशू नवे काही सांगत नाही. यहुदी घरांत रोज म्हटली जाणारी जुनीच आज्ञा तो सांगतो: देव एकच आहे, त्याच्यावर सर्वस्वाने प्रीती करा. ही आज्ञा मुळात बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. तिथे सर्वस्व म्हणजे काय, हे सांगताना तीन गोष्टी येतात: अंतःकरण, जीव आणि शक्ती. मार्काकडे येईपर्यंत तिथे चौथी गोष्ट आलेली दिसते. ती म्हणजे बुद्धी.

या चौथ्या शब्दाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. देवाला सर्वस्व वाहिले असे आपण एखाद्याबद्दल म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे भाव येतो, अश्रू येतात, त्याग येतो. बुद्धी मात्र देवळाच्या किंवा चर्चच्या पायरीशी वहाणांबरोबर काढून ठेवायची असते, अशी आपली समजूत असते. प्रश्न संपले की भक्ती सुरू झाली, असेही काही जण मानतात. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहायचे, तर आपल्याच महाराष्ट्रात घडलेले एक आयुष्य डोळ्यांपुढे आणावे लागते. ते आयुष्य पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंची ओळख आपल्याला बहुधा समाजसुधारक म्हणून करून दिली जाते. विधवांसाठी काम केले, शारदा सदन काढले, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्या ख्रिस्ती झाल्या, हा उल्लेख येतो. पण तो जरा चाचरत येतो. काहींना तो अडचणीचा वाटतो, तर काहींना फक्त तेवढाच महत्त्वाचा वाटतो. मला मात्र त्यांचे सारे काम आणि त्यांची श्रद्धा वेगवेगळी काढता येत नाहीत. एक धागा ओढला की दुसरा हातात येतो.

सर्वस्वाने देव धरणे म्हणजे काय, हे रमाबाईंनी प्रथम पाहिले ते आपल्या आईवडिलांच्या घरी. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले, त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला, आणि पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. तिथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंचे आणि विद्यार्थ्यांचे आतिथ्य करता करता शास्त्रीबुवांची सारी मालमत्ता गेली. मग हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. लहानग्या रमेचे शिक्षण आईच्या तोंडून, चालता चालता झाले. हजारो श्लोक मुखोद्गत झाले. व्रते, उपास, स्नाने, दाने यांत कुठेही कुचराई नव्हती.

मग 1874 च्या सुमारास दुष्काळाने गाठले. आधी वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. आईचा देह वाहून न्यायला माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या जागी रमाबाई उभ्या राहिल्या. उंची कमी म्हणून त्यांना खांदा देता येईना. तेव्हा त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला. पुढे ही दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीतून वाचण्यासाठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. एवढे सगळे करूनही देव का पावला नाही, हा प्रश्न त्या मुलीच्या मनात तेव्हाच उभा राहिला. त्याचे उत्तर मात्र त्यांनी घाईने कुणाकडूनही घेतले नाही.

1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय अवघे वीस. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचे लग्न केले. 1881 मध्ये मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पती गेले. आसामातील त्या संसारात, पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी आवडीने वाचली. पण वाचून लगेच काही ठरवले नाही.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले, आणि त्या पुस्तकाच्या पैशातून 1883 साली वैद्यकी शिकायला इंग्लंड गाठले. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत फसला. वाँटेज या गावी सेंट मेरी मठातील भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. या भगिनींचे लंडनजवळ फुलम येथे एक काम चाले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे, आणि त्या पुन्हा माणसांत येत. हे रमाबाईंनी पाहिले आणि त्या थबकल्या. अशा स्त्रीला ज्या जगात शिक्षा आणि बहिष्कार यांपलीकडे काही मिळत नव्हते, त्या जगातून त्या आल्या होत्या. या भगिनी असे का वागतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जमातीची ती बाई. आणि तिच्याशी धर्मातील गहन गोष्टी बोलत बसलेला येशू. रमाबाईंचा निर्णय या गोष्टीपाशी झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

अनेक चरित्रकथा इथे संपतात. मला वाटते, खरी कथा इथे सुरू होते.

बाप्तिस्मा झाला, पण रमाबाईंचे प्रश्न थांबले नाहीत. ज्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या आईच्या जागी मानत, त्यांच्याशीच त्यांचे वाद सुरू झाले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य त्यांना जसे शिकवले गेले तसे पटेना. अँग्लिकन चर्चने घालून दिलेली काही विश्वासवचने बायबलमध्ये कुठे आहेत ते दाखवा, असा त्यांचा हट्ट. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. पुडिंगमधील अंड्यावरूनही कुरबुर झाली, आणि हा तुमचा जातीचा अहंकार आहे असे त्यांना ऐकावे लागले. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती माझ्या देशभगिनींना कळणार नाहीत, लॅटिनमध्ये असे काय पवित्र आहे जे संस्कृतात नाही, असा त्यांचा सवाल. इंग्रज मुलग्यांना त्यांनी शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. त्यावरही रमाबाईंनी खरमरीत पत्रे लिहिली.

हा सारा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. तो वाचताना माझ्या मनावर ठसली ती रमाबाईंच्या भूमिकेतील स्वच्छता. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता ती दुसऱ्या तशाच जोखडात अडकवणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. देवापुढे लीन व्हायला त्यांची ना नव्हती. पण देव आणि देवाच्या नावाने बोलणारी माणसे यांत त्या फरक करत. सत्तावीस वर्षांची, एका मुलीची आई असलेली, परक्या देशात दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारी ही विधवा. ज्यांच्या घरचे अन्न खात होती त्यांच्याशीच ती हा वाद घालत होती, आणि तरीही त्यांच्याविषयी कृतज्ञ होती. सिस्टर जेराल्डीनना हे बंड वाटले. आज मला ते त्या चौथ्या शब्दाचे पालन वाटते. जी बुद्धी देवाला द्यायची, ती आधी स्वतःच्या ताब्यात तर हवी!

पुढे स्वतः रमाबाईंनीच आपल्या या काळाचे परखड मोजमाप केले. 1907 साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा तिचा भावार्थ आहे. म्हणजे 1891 च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला आतून वळण लागले. धर्मांतर एका दिवसात होते, समर्पणाला वर्षे लागतात, हे त्या स्वतःच्या अनुभवावरून सांगतात. धर्म बदलला की माणूस बदलला असे मानणाऱ्यांनी, मग ते बाजूचे असोत की विरोधातले, ही कबुली लक्षात घ्यायला हवी.

मधल्या काळात त्या अमेरिकेला गेल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या हजर होत्या. 1887 मध्ये त्यांनी इंग्रजीतून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले, पुढल्या वर्षी ते पुण्यात आले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींच्या चालीरीतींना धक्का लावायचा नाही, असा करार होता. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती.

ठिणगी पडली ती प्रार्थनेवरून. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोण बरोबर? मला तो एका वाक्यात निकालात काढता येत नाही. पालकांची धास्ती खोटी नव्हती. आधीच नशिबाने मारलेली कोवळी मुलगी, तिच्यावर उपकार करणारी तेजस्वी बाई आणि उघडे दार. यात दडपण नाही असे कसे म्हणावे? दुसऱ्या बाजूने रमाबाईंचा प्रश्नही खरा होता. हिंदू मुलीला तिच्या पूजेचे स्वातंत्र्य मी देते; मग माझ्याच घरात माझा देव मी दार लावून का भजावा? याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 11 मार्च 1893 रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनात वर्षे काढूनही त्या हिंदूच राहिल्या, आणि रमाबाईंविषयीची कृतज्ञता त्यांनी कधी लपवली नाही. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी नीट पाहण्यासारखे आहे.

एवढे मात्र खरे, की रमाबाईंना प्रतिष्ठा प्यारी असती तर दार लोटून घेणे सोपे होते. पुण्याचे पाठबळ टिकले असते. त्यांनी ते केले नाही, आणि पुणेरी समाजाशी त्यांचे नाते कायमचे तुटल्यासारखे झाले.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना स्वतःचे पोरके दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. किती आणायच्या, खायला काय घालायचे, याचा हिशेब नव्हता. पुण्यात प्लेग होता, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेले. सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून ती जमीन आधी घेऊन ठेवलेली होती. तिथेच ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. 1897 साली पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी परवड झाली तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले, आणि ते सरकारला झोंबले. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून गप्प बसावे, असे त्यांना वाटले नाही.

1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. जरा कल्पना करा. दोन हजार पाने रोज मांडायची. विहिरी खणायच्या, दळण, कपडे, औषध, शाळा. यांतल्या कितीतरी मुली हाडांचे सापळे होऊन आलेल्या, कित्येक वाटेतच दगावलेल्या. केडगावात माग चालले, तेलघाणा चालला, गोठा, शेती, शिवण, छापखाना चालला. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, वृद्धांसाठी प्रीती सदन. अंध स्त्रियांना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. ठरावीक वर्गणीचा आधार न धरता प्रार्थनेवर आणि आपणहून येणाऱ्या देणग्यांवर हा गाडा चालवायचा, असे रमाबाईंनी ठरवले होते. समर्पण दिसायला कसे असते असे कुणी विचारले तर मी केडगावच्या कोठीघराकडे बोट दाखवीन. तिथे उद्याचे धान्य नसल्याची काळजी होती आणि तरी आज आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही हा नियम होता.

इथेही एक अवघड प्रश्न उरतोच. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेने मरता मरता वाचलेली मुलगी आपला धर्म मोकळेपणी निवडू शकते का? रमाबाईंचा चाहता म्हणूनही मला हा प्रश्न टाळता येत नाही. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की या मुलींना नेण्यासाठी त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या गाड्या उभ्या नव्हत्या. आणि त्यांना अन्नाबरोबर अक्षर, कसब आणि पायावर उभे राहण्याची ताकद मिळाली. 1905 साली मुक्ती सदनात प्रार्थनेची एक विलक्षण लाट आली. त्या ‘संजीवना’ची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळात आजही होते.

पण रमाबाईंच्या समर्पणाचे शिखर मला दुसरीकडे दिसते. मराठीत बायबल होते. मात्र खेड्यातून आलेल्या मुलींना ते समजत नसे. त्यातील मराठी फार संस्कृतप्रचुर आहे, असे त्यांना वाटे. ज्या बाईने विद्वानांकडून सरस्वती ही पदवी मिळवली, ती बाई निरक्षर मुलींसाठी भाषा सोपी करायला बसली. इंग्रजीवरून भाषांतर करणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही. चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक यांचा कसून अभ्यास केला, आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणायचे काम हाती घेतले. कान जवळजवळ गेलेले, संस्थेचा पसारा डोक्यावर. आणि वर्षांमागून वर्षे हे काम. खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या केडगावच्याच स्त्रिया होत्या. कधीकाळी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली देवनागरी खिळे जुळवत होत्या. 1913 मध्ये नवा करार छापून झाला.

जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. आईचे काम हेच तिचे आयुष्य होते. लहानपणी इंग्लंडातील भगिनी आणि आई यांच्या ओढाताणीत ती वाढली. मोठेपणी शाळा, संस्था, अंध मुली यांतच तिचा दिवस मावळला. एका माणसाच्या समर्पणाची किंमत घरातली दुसरी माणसेही मोजतात, हे इतिहासाने नोंदवायला हवे. मुलीच्या मागे रमाबाई नऊ महिनेही राहिल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून बाहेर आले ते 1924 साली.

या भाषांतराला मोठे यश मिळाले, असेही नाही. मराठी मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून केलेली संपूर्ण बायबलची भाषांतरे जगात मोजकीच आहेत, आणि त्यांतले एक पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाले, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. भारत सरकारने 1989 मध्ये रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काम करते.

आपण रमाबाईंचा धर्म मानतो की नाही, हा प्रश्न मला इथे दुय्यम वाटतो. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. पण कोणत्याही धर्मात ‘सर्वस्व अर्पण कर’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले कितीतरी जण ते अर्पण मधल्या मध्ये स्वतःच्या पदरात पाडून घेतात. अशांपासून वाचायचे कसे, याचा धडा या बाईच्या आयुष्यात आहे. त्यांनी पती, मुलगी, मानमरातब, मित्रमंडळ यांतले काय काय गेले याची तक्रार केली नाही. जे देवाचे ते देवाला दिले. पण मठाने, बिशपांनी, पुण्याच्या पुढाऱ्यांनी किंवा सरकारने मागितली म्हणून आपली बुद्धी त्यांच्या हवाली केली नाही. ती त्यांनी राखून ठेवली, घासून लख्ख केली, आणि शेवटच्या वर्षांत हिब्रू व्याकरणाच्या पानांवर, एका अडाणी मुलीला कळेल असा मराठी शब्द शोधण्यात खर्च केली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)